कासारेत्तोच्या खिडकीतली बाई

खरा चित्रकार मेल्यानंतरही पाहणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही, हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा उच्चारलं आहे की मागच्या बाकावरची मुलं ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. एलिजियो कासारेत्तोने ते माझ्यापुरतं खरं केलं, तेव्हा मी कियावारीच्या बाजारगल्लीत उभा होतो, माझा अर्धा जबडा बधीर होता, गालात कापसाचा बोळा होता आणि खालच्या ओठावरून लाळ गळते आहे की नाही हे समजायला मला काही मार्ग नव्हता. कियावारीत माझा मावसभाऊ दाताचा डॉक्टर आहे. जेनोवात दाताचे डॉक्टर नाहीत असं नाही, पण घरचा माणूस असताना परक्याकडून दुखवून घेणं आमच्याकडे उधळपट्टी समजतात. तर लाळ गळू नये म्हणून मी मान वर केली, आणि समोरच्या पिवळ्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आर्मिदाबाईंची आई उभी होती.

म्हणजे खिडकीत उभी होती. म्हणजे खिडकीही नव्हती. आमच्या किनाऱ्यावर घराला एका बाजूला चार खिडक्या असल्या की दुसऱ्या बाजूलाही चार लागतात, आणि तिथे जिना किंवा शेजाऱ्याची भिंत आली तर खिडकी रंगवून घेतात. हिरव्या झडपा, चौकट, चौकटीवरचं दगडी नक्षीकाम, त्याची सावली, सगळं चुन्यावर रंगवलेलं. खऱ्या खोट्याचा हिशोब गल्लीतल्या सगळ्यांना पाठ असतो, फसतो तो फक्त पाहुणा. मी मात्र जेनोवातल्या आमच्या गल्लीत जन्मलो, समोरच्या भिंतीकडे बघत वाढलो, आणि त्या भिंतीवरच्या एका खोट्या खिडकीत अर्धी झडप ढकलून खाली वाकलेली निळ्या पोलक्यातली बाई मला माझ्या शाळेपेक्षा जास्त परिचयाची होती. लहानपणी मी तिला हात करायचो. लग्न झाल्यावर बायकोने एकदा मला कॉफी पिता पिता तिच्याकडे बघताना पकडलं. पुढे ती सोडून गेली, त्याची कारणं वेगळी होती, पण वकिलापुढे तिने ही बाई आवर्जून काढली. ‘समोरच्या भिंतीवरचीशी याचा संसार जास्त होता,’ असं काहीतरी. वकील आमच्या घरी येऊन खिडकीशी उभा राहिला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

ती बाई आर्मिदाबाईंची आई आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आर्मिदाबाई माझ्या खालच्या मजल्यावर राहत. समोरची भिंत रंगवणाऱ्या कासारेत्तोची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा ही दीड-दोन वर्षांची असावी, तिला वाढवलं बापाच्या बहिणीने, तेक्लाआत्याने. आईचा फोटो नव्हता. चित्रकाराच्या घरात फोटोवर कोण खर्च करणार? आत्याने तिला खिडकीत उचलून धरून समोर बोट दाखवलं होतं, ‘ती बघ तुझी आई’, आणि आर्मिदाबाईंनी ते आयुष्यभर बघितलं. लग्न करून त्या याच घरात राहिल्या, नवरा वारल्यावरही हलल्या नाहीत. मुलाने ट्यूरिनला बोलावलं तर म्हणाल्या, तिथं समोर काय आहे? तो म्हणाला, बाग आहे. त्या म्हणाल्या, बाग काय करायची आहे.

पंचाईत एवढीच होती की त्या आईला चेहरा नव्हता. समुद्रावरचा खारा वारा त्या भिंतीवर सरळ आदळतो. आर्मिदाबाईंना कळू लागेपर्यंत गालाचा चुना सुटायला लागला होता, आणि माझ्या लहानपणी तिथे पोलक्याच्या गळ्यापासून केसांच्या भांगापर्यंत एक पांढुरका डाग होता. त्या डागात आर्मिदाबाईंनी काय काय पाहिलं असेल हा माझ्या एकांताच्या चिंतनाचा विषय होता. मला एकांत भरपूर होता. आणि आता, त्या वर्षीच्या वसंतात, त्या भिंतीला परांची लागली होती. सोसायटीने बऱ्याच कुरकुरीनंतर भिंत धुऊन दुरुस्त करायचं ठरवलं होतं, आणि ते काम करायला आलेल्या नीवेस नावाच्या बाईंनी आर्मिदाबाईंना साधा प्रश्न विचारला होता: हिचा चेहरा कसा होता? त्या दिवसापासून आर्मिदाबाई जेवत नव्हत्या असं नाही, पण त्यांनी जेवणाला नावं ठेवणं बंद केलं होतं, आणि हे लक्षण वाईट होतं. मला बोलावून म्हणाल्या (आमच्याकडे शाळामास्तरालाही प्रोफेसर म्हणतात), ‘अरे प्रोफेसर, इतकी पुस्तकं वाचलीस, माझ्या आईचं नाक कसं होतं एवढं शोधून दे. मला मरायच्या आधी एकदा बघायचंय. नंतर काय, तिकडे गेल्यावर भेटेलच म्हणा, पण ओळखायची कशी?’

आणि आता ती कियावारीत, पिवळ्या घरावर, डागाशिवाय उभी होती. ही भिंत डोंगराच्या आडोशाला होती, वाऱ्यापासून वाचलेली. चेहरा पूर्ण होता. नाक होतं. माझ्या बधीर ओठातून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण भाजीवालीने विचारलं की काही हवंय का. मी बोळ्याआडून म्हणालो की त्या बाईंचं नाव काय. तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, ‘ती रंगवलेली आहे, साहेब.’ पाहुणा समजली मला.

परतीच्या गाडीत मी समुद्राच्या बाजूला बसलो. त्या रुळांवर समुद्र सलग मिळत नाही, दोन बोगद्यांच्या मधे चमचाभर वाढतात तसा मिळतो. उजेड आला की मला आनंद व्हायचा: चेहरा सापडला. बोगदा आला की काचेत माझाच चेहरा यायचा, एका बाजूने खाली ओघळलेला, आणि मग वाटायचं, चेहरा सापडला म्हणजे नेमकं काय सापडलं? एकच बाई दोन गावांत. कासारेत्तो वियोगाने इतका वेडा झाला होता की गावोगाव तीच रंगवत फिरला? माझ्या मनाने लगेच त्या कल्पनेवर झडप घातली. कासारेत्तोवर एक छोटंसं पुस्तक लिहायचं मी बरीच वर्षं योजत होतो. योजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्याच्याबद्दल गोळा केलेल्या गोष्टी थोड्या होत्या, पण मला त्या आवडत. तो आपल्याला चित्रकार म्हणवत नसे, भिंतवाला म्हणवी. कुठे सही केली नाही. काम घेण्याआधी एक अख्खा दिवस पाव आणि कांदा घेऊन भिंतीसमोर बसे, ऊन कुठून येतं, कुठे जातं ते बघत. मग त्यातला एक प्रहर निवडे, आणि सगळ्या खोट्या सावल्या त्या प्रहराच्या टाके. दिवसाच्या त्या वेळेला खऱ्या सावल्या नि रंगवलेल्या सावल्या एकमेकींवर येत आणि भिंतीवरची कुठली खिडकी उघडते हे घरमालकालाही सांगता येत नसे. प्रहर कसा निवडायचा? घरमालक फिरायला बाहेर पडून मागे वळून बघतो ती वेळ. आर्मिदाबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा कलेच्या इतिहासातली बरीच कोडी माझ्यापुरती सुटली.

पण त्या सगळ्या हिशोबात एक खोट होती. आमच्या भिंतीवर सगळ्या सावल्या डावीकडे पडत, कारण ऊन उजवीकडून, बंदराच्या बाजूने येतं. फक्त त्या बाईची सावली उजवीकडे. तिच्यावर उजेड डावीकडून येत होता, जिथून सूर्य कधीच येत नाही, जिथे समोर आर्मिदाबाईंच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे. मी हे कॉलेजात असताना हेरलं होतं आणि त्यावर एक सिद्धांत उभा केला होता, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर: बापाने मेलेल्या बायकोवर सूर्याचा उजेड टाकलाच नाही, लेकीच्या खोलीतल्या दिव्याचा टाकला. मुलीच्या दिव्याने उजळलेली आई. एकदा मोठ्या संकोचाने मी तो आर्मिदाबाईंना ऐकवला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘दिवा? आत्या अंधार पडायच्या आत निजवायची. तेल काय बंदरात वाहत येतं?’ तरी सिद्धांत मी सोडला नाही. सुंदर गोष्टीला पुरावा लागतो असं मला वाटत नाही. अशाने माझं पुस्तक झालं नाही हे खरं.

रेक्कोच्या पुढचा बोगदा लांब आहे. काचेत मी आपला सुजलेला गाल चाचपायला डावा हात वर केला आणि काचेतल्या माणसाने उजवा केला. तेव्हा कळलं. कियावारीची बाई उजव्या हाताने झडप ढकलते. आमची डाव्या. कियावारीत तिची सावली डावीकडे पडते, म्हणजे आमच्याकडे जशी हवी होती तशी. आमची बाई ही कियावारीच्या बाईचं काचेतलं प्रतिबिंब होती, आणि बोगदा संपून समुद्र आला तरी मला तो दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी परांचीवर चढलो. नीवेस चाळिशीतली, हाताला कायम चुना, बोलणं चुन्यासारखंच, लागलं की जळजळणारं. मी सगळं सांगितल्यावर तिने ओला स्पंज बाईच्या बाहीवरून फिरवला आणि मला जवळ बोलावलं. निळ्या रंगाखाली बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ होती, मुंग्या एकामागे एक निघाल्यासारखी. कागदावर चित्र काढायचं, रेषेवर सुईने टोचे मारायचे, कागद ओल्या गिलाव्यावर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. एकदा टोचलेला कागद जन्मभर पुरतो. आणि कागद उलटा धरला तरी टोचे आरपारच असतात.

‘पण उलटा धरायचा कशाला?’ मी विचारलं. ‘इतका सावल्यांना जपणारा माणूस.’

नीवेसने बाईच्या उजव्या खांद्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे पावसाच्या पाण्याचा नळ भिंतीवरून खाली उतरत होता. ‘सरळ धरला असता तर उघडी झडप नळावर आली असती. उलटा धरला, झडप इकडे आली. सावलीची रेघही कागदावर टोचलेली असते, प्रोफेसर. तीही गेली तिकडे. गिलावा वाळायच्या आत उरकायचं असतं, विचार करत बसले तर तुमच्यासारखं होतं.’

म्हणजे दिवा नव्हता. नळ होता. मी परांचीच्या फळीवर बसलो. खाली कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, आणि वरून आमची गल्ली मला प्रथमच एखाद्या वाकलेल्या बाईला दिसत असेल तशी दिसली: टकलं, टोपल्या, मांजर. नीवेस म्हणाली, चांगली बातमी घ्या, चेहरा मिळाला, कियावारीला जाऊन तो कागदावर उतरवून आणते, उलटवते, जुन्या वास्तूंच्या ऑफिसला कळवते, झालं काम. मग म्हणाली, ‘आणि वाईट अशी की आई गेली. साच्यातली बाई ही. गावोगाव निघाली असेल. म्हातारीला तुम्ही सांगा. तुम्हाला बोलता येतं.’

मला बोलता येतं हा समज माझ्याबद्दल सर्वत्र आहे. तो आठवडा मी आर्मिदाबाईंना टाळत जिन्यावरून पंजांवर चढलो. माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या. सांगितलं तर त्यांना चेहरा मिळणार होता, पण तो कुणा भलतीचा, आणि सत्तर वर्षं एका भलतीला आई म्हटल्याचं त्यांना समजणार होतं. नाही सांगितलं तर आई राहणार होती, डागासकट. यातलं कुठलं दयेचं आणि कुठलं क्रूर हे मी कागदावर लिहून पाहिलं, तेव्हा दोन्ही बाजूंना तेच मुद्दे आले. आणि या सगळ्याच्या तळाशी, खरं सांगायचं तर, दया वगैरे नव्हतीच. तळाशी एक खाज होती. त्या चेहऱ्याकडे बघून आर्मिदाबाईंना काय वाटतं ते मला बघायचं होतं. कासारेत्तोने भिंतीसमोर दिवसभर बसून ऊन बघितलं, तसं.

रविवारी त्यांनीच मला गाठलं. शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘मांजरासारखा चढतोस. काय लपवतोयस?’ मी सांगितलं. आधी कियावारी, मग ठिपके, नळ शेवटी, कारण नळाचं मलाच जास्त लागलं होतं. त्यांचे हात शेंगा सोलायचे थांबले नाहीत. सगळ्या शेंगा संपल्या, टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळली, हात पुसले.

‘गाडी किती वाजता आहे?’

कियावारीला त्या चांगला कोट घालून आल्या, लग्नाला घालतात तो. गाडीत समुद्राकडे पाठ करून बसल्या, म्हणाल्या समुद्र काय, घरी आहे. वाटेत बापाबद्दल बोलल्या, असं सलग पहिल्यांदाच. रविवारी तो त्यांना फिरायला न्यायचा आणि मान वर करून चालायचा, सगळ्यांना धडकायचा. माणसं रंगवायला त्याला आवडत नसे. माणसं हलतात, म्हणायचा, आणि भिंतीवर काढली की मालकाच्या बायकोसारखी दिसायला हवी असतात. पण काही मालक हट्ट करत, एक बाई पाहिजेच, घर भरल्यासारखं वाटतं. मग तो आपला तो कागद काढायचा. ‘कुठला कागद?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मला काय माहीत, बाईचा कागद म्हणायचा.’ हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. मी दिव्याबद्दल बोलत होतो.

बाजारगल्लीत भाजीवालीने मला ओळखलं आणि शेजारणीला कोपर मारलं. आर्मिदाबाई पिवळ्या घरासमोर उभ्या राहिल्या, पर्स पोटाशी धरून. मान वर केली. मी घराकडे नाही, त्यांच्याकडे बघत होतो. सत्तर वर्षं डागात बघणाऱ्या डोळ्यांना एकाएकी नाक, डोळे, ओठ मिळाल्यावर त्या चेहऱ्यावर काय उमटतं? मला वाटलं होतं रडतील. वाटलं होतं ओळख पटेल, रक्ताची वगैरे. वाटलं होतं कदाचित काहीच उमटणार नाही, परकी बाई, आणि तेच सगळ्यात भयंकर असेल. प्रत्यक्षात त्यांच्या कपाळाला आठी पडली, कुणी उधारी मागायला दारात आल्यासारखी. मग त्यांनी पर्समधून चष्मा काढला. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. खालचा ओठ किंचित पुढे काढला, आणि मी वर पाहिलं तर भिंतीवरच्या बाईचाही खालचा ओठ तसाच पुढे आला होता, शिंकायच्या किंवा शिव्या द्यायच्या आधी येतो तसा.

‘ही तर आत्या,’ त्या म्हणाल्या.

माझं डोकं लगेच चालू लागलं, माझ्या डोक्याची ती खोड आहे. तेक्लाआत्या. आत्याने स्वतःच्याच चित्राकडे बोट दाखवून मुलीला सांगितलं: ती बघ तुझी आई. गल्ली, घर, बाजार सगळं फिरलं आणि एक सिद्धांत उभा राहिला, दिव्यापेक्षाही सुंदर, थोडा अश्लीलही. मी शब्द निवडून, पायऱ्या उतरावं तसं विचारलं की आत्या आणि... म्हणजे आत्याच जर... त्यांनी मला पुरं करू दिलं नाही.

‘मला जन्म द्यायला तिला सवड कुठं होती? मासळीबाजारात उभी असायची पहाटेपासून. आई माझी वेगळीच होती, तिला बघितलेली माणसं होती गल्लीत. मूर्खासारखं काहीतरी काढू नकोस.’

‘मग तुमच्या वडिलांनी आत्याचं चित्र का काढलं?’

‘फुकट कोण उभं राहणार? बहीणच.’

‘आणि आत्याने तुम्हाला ती आई आहे असं का सांगितलं?’

आर्मिदाबाई वर बघत राहिल्या. दुकानदाराने आमच्या मधून दोन पेट्या नेल्या, त्यांनी नीट सरकून वाट दिली.

‘मी रडत असणार,’ त्या म्हणाल्या. ‘खिडकीतून समोर जे दिसलं ते दाखवलं तिनं. आणि काय दाखवणार, बंदर?’

नंतर आम्ही फोकाच्चा घेतली, तेलाने निथळणारी चपटी पावरोटी, कागदात धरून रस्त्यातच खाल्ली. मला वाटत राहिलं की त्यांचं काही हरवलं आहे आणि त्या ते दाखवत नाहीत. शेवटी कळेना की हरवल्यासारखं मलाच का वाटतंय. तेलाचा हात कोटाला लागू नये म्हणून त्या तो लांब धरून चालत होत्या, आणि स्टेशनपर्यंत आत्याबद्दल बोलत होत्या: कशी भाव करायची, कशी झोपेत शिव्या द्यायची, ताप आला की कपाळावर हात ठेवायची त्याला मासळीचा वास यायचा आणि त्या वासाने ताप उतरायचा. आईबद्दल त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं, कधीच नव्हतं. मी इतकी वर्षं ते ऐकलं नव्हतं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, ‘चेहरा आत्याचाच लाव म्हणावं त्या नीवेसला. आत्याशी माझा परिचय आहे. फक्त ओठ जरा आत घे म्हणावं, पुढची कित्येक वर्षं वरून आपल्याकडे बघायचंय तिला.’ बोगदा आला. त्या अंधारातच पुढे म्हणाल्या, ‘नको. ओठ राहू दे.’

नीवेसने कियावारीला जाऊन चेहरा कागदावर उतरवला, उलटवला, माझ्या जेवणाच्या टेबलावर आर्मिदाबाईंना दाखवला. त्यांनी हनुवटीत एक दुरुस्ती सुचवली, तीही घेतली. आता ऊन चुकीच्या बाजूने येणारी ती बाई आपल्या समोरच आत्या होऊन उभी राहणार या कल्पनेने मी पुस्तकाचं पहिलं प्रकरण लिहायला घेतलं. नीवेसने कागद मंजुरीसाठी पाठवला. महिन्याभराने ती परांचीवरून खाली उतरून आली आणि जिन्यातच म्हणाली की ऑफिसचं उत्तर आलं. मूळ चित्रातला जो भाग पूर्ण गेला आहे तो नव्याने रंगवता येत नाही, नियम आहे. मग चेहरा कुणाचाही असो.

परांची जूनमध्ये उतरली. भिंत छान झाली आहे. चेहऱ्याच्या जागी भिंतीच्याच रंगाचा एक सपाट हात मारला आहे.